चतुराचं वजन

खोक्यात आठ वस्तू होत्या. पंख एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर. शेपटी एक. शेपटीवर उभी राहणारी पाती एक, दोन टपाल तिकिटं शेजारी ठेवावीत एवढी. रबर ताणून धरणारी जाडसर काडी एक आणि तिला मागे जोडायची बारीक काडी एक. पंखाला तोलून धरणारे खांब दोन, आगकाडीच्या निम्म्या जाडीचे. आणि पुढे लावायचं भिरभिरं एक. आठही वस्तूंचं मिळून वजन होतं एक पूर्णांक चार ग्रॅम. कोऱ्या कागदाच्या पानाचे चार सारखे तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याहून किंचित जास्त. एरंडेल चोळलेलं रबराचं वेटोळं वेगळ्या डबीत असायचं. ते यात धरलेलं नाही.

या आठ वस्तू जोडल्या की विमान व्हायचं. घरात त्याला चतुर म्हणत, कारण त्याच्या पंखांवरचा पापुद्रा उजेडात धरला की पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुरासारखे रंग मारायचा. हा चतुर फक्त बंद जागेत उडायचा. उघड्यावर नेला असता तर शेजारच्याच्या जांभईनेही त्याचा निकाल लागला असता. रबराला पीळ दिला आणि बोटांतून अलगद सोडला की तो गोल गोल फिरत वर चढायचा, इतका सावकाश, की आजारातून उठलेला माणूसही त्याच्याबरोबर आरामात चालू शकला असता.

तो जिने बनवला होता, ती पार्सल ऑफिसात वजनाच्या खिडकीवर बसायची. वय एक्कावन्न. सकाळी नऊपासून तिच्या समोरच्या काट्यावर खोकी, पोती, गुंडाळलेल्या गाद्या, दोरीने आवळलेल्या सायकली येऊन आदळायच्या आणि ती आकडा वाचून पुढे ढकलायची. सहकारी तिला किलोबाई म्हणत. तो काटा दहा ग्रॅमच्या खालचं काही ओळखतच नसे. एकदा तिने गंमत म्हणून चतुराचं खोकं त्यावर ठेवून पाहिलं. दोनशे चाळीस ग्रॅम. मग चतुर बाहेर काढून नुसतं खोकं ठेवलं. दोनशे चाळीस ग्रॅम. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत मधूनच स्वतःशी हसत होती, आणि का हसतेय ते सांगावं असं ऑफिसात कुणी नव्हतं.

सुरुवात झाली होती मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पापासून. मुलीने अर्धवट जोडलेलं विमान टेबलावर टाकलं, दहावी केली, पुढे शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात गेली, आणि एका रविवारी टेबल आवरताना आईच्या हाताला ते लागलं. फेकायच्या आधी पूर्ण तर करून बघू, म्हणून तिने ते पूर्ण केलं. घराच्या बोळात ते तेवीस सेकंद उडलं आणि चपलांच्या कपाटावर आपटलं. ती तिथेच उभी राहिली. मग तिने ते पुन्हा उडवलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती. हा चतुर तिच्या हातचा चौदावा.

ते चपलांचं कपाट तिच्या नवऱ्याने बनवलेलं होतं. नवरा वेल्डर. गेट, ग्रिल, जिने, पाण्याच्या टाक्यांचे घोडे. त्याने बनवलेली वस्तू मोडली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि ती सहज उचलली असंही कुणी ऐकलं नव्हतं. घर बदलताना ते कपाट चार माणसांनी उचललं, तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं होतं, की चपला काय लोखंडाच्या वापरता का. बायकोला एक ग्रॅम तोलायचा तराजू हवा आहे म्हटल्यावर त्याने दोन दिवस खपून त्याला स्टँड करून दिला. वर तिची सुईवर तोललेली गवताची काडी, आणि खाली दीड किलोचा लोखंडी खांब. "हलायला नको," तो म्हणाला होता. खरंच, तो कधी हलला नाही. दर रविवारी ती तो पिशवीत घालून घेऊन जायची आणि खांद्यावर पट्ट्याचा वळ घेऊन परत यायची.

त्या काडीच्या एका पारड्यात चतुर आणि दुसऱ्यात कागदाचे तुकडे. पाच सेंटिमीटर लांब आणि अडीच रुंद असा साध्या कागदाचा तुकडा बरोबर एक दशांश ग्रॅम भरतो, हे तिने कागदाच्या गठ्ठ्यावर छापलेल्या आकड्यावरून काढलं होतं. चतुर म्हणजे असे चौदा तुकडे.

चतुर टेबलावर असला की घरात काही गोष्टी आपोआप होत. छताचा पंखा बंद. चालणं हळू. शिंक आली तर दुसऱ्या खोलीत. नवरा कामावरून आला की दार ढकलायच्या आधी बाहेरूनच विचारायचा, "बाहेर आहे का गं?" एखाद्या घरात तान्ह्या मुलाला नुकतंच झोपवलं असेल तर विचारावं, तसा. पण तिला उडवताना बघायला तो कधी आला नव्हता. तिने बोलावलं नव्हतं असं नाही. तो म्हणायचा, माझे बूट नुसते वाजले तरी ते पडेल.

नणंदेला मात्र हे प्रकरण काही केल्या झेपत नव्हतं. ती आली की खोक्याकडे बघून म्हणायची, वहिनी, एवढ्या वेळात तुझे चार स्वेटर झाले असते, ते निदान कुणाच्या अंगावर तरी गेले असते. यात बक्षीस आहे का? नाही. स्पर्धा? असते म्हणे कुठेतरी लांब. मग शेवट काय याचा? यावर ती सांगायची, की दहा मिनिटं उडवायचं आहे. आजवरचं सगळ्यात जास्त आठ मिनिटं बावन्न सेकंद झालंय. नणंद विचारायची, दहा झाली की काय होणार?

"झाली की झालेली असतील," ती म्हणायची.

मनातून तिला याहून थोडं जास्त माहीत होतं. आठ मिनिटांत चतुर वर जातो आणि खाली येतो, एवढंच वाटतं. दहा झाली तर तो वर जाऊन तिथे राहिला, असं म्हणता येईल. पण हे नणंदेला कसं सांगणार? तिने एकदा आरशासमोर म्हणून पाहिलं होतं आणि तिचं तिलाच हसू आलं होतं.

उडवायची जागा म्हणजे शाळेचा बंदिस्त खेळाचा हॉल. छत अकरा मीटर उंच, पत्र्याचं. रविवारी सकाळी सातला हॉलचे काका तिला दार उघडून देत. ऊन छतावर चढून पत्रा तापेपर्यंत आतली हवा विहिरीतल्या पाण्यासारखी गप्प असायची. दहाच्या पुढे ती हळूहळू हलायला लागे, आणि साडेदहाला तर मुलं रॅकेटी घेऊन येतच. सबंध आठवड्यातले हे तीन तास तिचे होते.

एका बुधवारी रात्री नवरा मान खाली घालून जेवला. पानातलं संपल्यावर तो म्हणाला, हॉलचं काम आपल्याकडे आलंय. हॉलच्या लाकडी जमिनीला ओल धरते म्हणून शाळेने छताला मोठे पंखे आणि भिंतींना हवा ओढणारे झरोके बसवायचं ठरवलं होतं. दिवसरात्र चालू राहणारे. त्यांचे लोखंडी सांगाडे यानेच करायचे होते. तिने किती पंखे ते विचारलं. मग एका पात्याची लांबी विचारली. मग बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसली.

"कधीपासून?"

"पुढच्याच्या पुढच्या सोमवारी शिडी लागते." तो जरा थांबला. "शनिवारीच कळलं होतं मला. सांगायला जिवावर आलं."

तिने मान हलवली. काम त्याने घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. तरी त्या दिवसापासून तो घरात अशा चेहऱ्याने वावरू लागला, की जणू त्याच्याकडून काचेची वस्तू फुटली आहे आणि तुकडे अजून सापडायचे आहेत. गावात एवढी उंच, बंद आणि निवांत दुसरी जागा नव्हती. तिने सहा वर्षांपूर्वीच सगळ्या पालथ्या घातल्या होत्या. राहिले होते दोन रविवार.

पहिला रविवार वाया गेला. चतुर सुरेख चढला, आणि सातव्या मिनिटाला छताच्या आडव्या तुळईला जाऊन टेकला आणि तिथेच बसला. काकांनी जाळी झाडायचे दोन बांबू एकमेकांना बांधून त्याला खाली आणलं. पंखाच्या आतल्या बाजूची एक फासळी चिरली होती. काका म्हणाले, पुढच्या वेळी फुगा आणू. गॅसचा फुगा लांब दोऱ्याला बांधून वर सोडायचा आणि तुळईकडे निघालेल्या चतुराला फुग्याच्या गालाने हलकेच वळवायचं. तिने हे वाचलं होतं, कधी केलं मात्र नव्हतं.

चीर फार नव्हती. सुईच्या टोकावर मावेल एवढा गोंद पुरला असता. आठवडाभर ऑफिसात ऑडिट चाललं होतं, रोज घरी यायला उशीर होत होता आणि दमलेल्या हातांनी चतुराला शिवायचं नाही हा तिचा नियम होता. शनिवारी दुपारी लवकर सुटून आले की करू, असं तिने ठरवलं.

शनिवारी ती तीनला घरी आली. दार ढकलायच्या आधी तिला जाणवलं, की आत पंखा बंद आहे. नवरा टेबलाशी बसला होता. चष्मा कपाळावर, मान आखडलेली, बनियन पाठीला चिकटलेलं. समोर चतुर.

"बघ," तो म्हणाला. "आता जन्मात हलणार नाही."

चिरलेली फासळी त्याने जोडली होती. तिच्या शेजारची जोडली होती. मग, एकदा हात घातलाच आहे तर, म्हणून त्याने पंखाचा प्रत्येक सांधा, शेपटीचा सांधा, खांबांची बुडं, मुख्य काडीच्या पुढची हुकाची जागा, सगळं मजबूत केलं होतं. दोन नळ्यांतून काढून एकत्र कालवायचा तो डिंक, ज्याने तो लोखंडाला काच चिकटवायचा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात सांध्यासांध्यावर मधाचे थेंब ठेवल्यासारखे चमकत होते. एकही फासळी वाकडी नव्हती. पापुद्र्याला कुठे डाग नव्हता. एवढ्या जाड बोटांनी हे कसं केलं असेल, देव जाणे.

तिने मनातल्या मनात थेंब मोजायला सुरुवात केली. तोंडातून मात्र निघालं ते, "छान झालंय."

तो अंघोळीला गेल्यावर तिने तराजू लावला. चौदा तुकडे ठेवले. काडी चतुराच्या बाजूला कललेलीच. पंधरावा. सोळावा. सतराव्या तुकड्याला काडी आडवी झाली. नवा पंख करायला दोन आठवडे लागत, आणि तिच्याकडे एक सकाळ होती. ती कागदाचे तीन जास्तीचे तुकडे बोटांत धरून बसली. तेवढ्यात न्हाणीघराच्या दारातून, टॉवेलने डोकं पुसत तो म्हणाला, "उद्या मीही येतो. शेवटचं आहे ना. बूट नाही घालत."

रविवारी सात वाजता तिघं हॉलमध्ये होते. काकांनी शाळेच्या कार्यक्रमातून उरलेला पिवळा गॅसचा फुगा आणला होता. नवऱ्याने खरंच बूट दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर, फरशी ओली असावी तसा जपून चालत तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. तिने रबर हुकाला लावलं, काकांना एक टोक धरायला दिलं, पाचपट ताणलं आणि हाताने फिरवायच्या यंत्राने पीळ द्यायला लागली. हँडलचा एक फेरा म्हणजे रबराचे दहा. एकशे चाळीस झाले की थांबायचं, कारण त्याहून जास्त पिळाला मुख्य काडी धनुष्यासारखी वाकायची. मग तिने रबर चतुराला चढवलं, भिरभिऱ्यावरचं बोट काढलं आणि त्याला सोडून दिलं.

चतुर चढला. पण त्याचं भिरभिरं घाईने फिरत होतं. नेहमी त्याची पाती एक एक मोजता यायची; आज ती नुसती पुसट दिसत होती. निम्म्या उंचीवर त्याचा दम संपला. तो उतरायला लागला, आणि जमिनीला टेकला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं एकतीस सेकंद झाले होते.

काका काहीतरी बोलणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून ते फुग्याच्या दोऱ्याची गाठ तपासायला लागले. नवरा मोज्यांवर चालत जवळ आला आणि चतुरापासून दोन हातांवर उकिडवा बसला.

"लवकर आला ना?"

"हो."

"माझ्यामुळे?"

तिने रात्रीच उत्तरं तयार करून ठेवली होती. हवेत दमटपणा आहे. रबर जुनं झालंय. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"हो," ती म्हणाली. "तीन दशांश ग्रॅम वाढलंय."

हे थोडं की फार, ते त्याला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं, म्हणून ती म्हणाली, "तुमच्या तीनशे किलोच्या गेटला एक अख्खा माणूस कायमचा लटकलाय, असं समजा."

तो चतुराकडे बघत राहिला. "मग काल का नाही बोललीस?"

"तुम्ही पंखा न लावता बसला होतात."

त्याने बोट एका थेंबाजवळ नेलं आणि मागे घेतलं. मग त्याने विचारलं, की तुझ्याकडे बारीक पॉलिश पेपर आहे का. होता. तो म्हणाला, जास्तीचा जोड घासून काढणं हे माझं रोजचंच काम आहे. मी कमी घासतो, एवढंच. तिने विचार केला. घासताना फासळी तुटली तर संपलंच. नाही घासलं तरी संपलेलंच आहे. तिने पेपरची पट्टी कापून आगकाडीला गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"किती ठेवू?" त्याने विचारलं.

"दिसेनासा होईपर्यंत."

हॉलच्या मधोमध जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोघं समोरासमोर बसले. ती दोन बोटांत पंख धरायची आणि तो एकेका थेंबावरून काडी फिरवायचा. श्वास पंखावर पडता कामा नये, म्हणून घासताना दोघंही श्वास धरत आणि मग एकदम तोंडं फिरवून सोडत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. काका लांबून बघत होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. एकदा तर ते म्हणालेच, की पाण्यात बुडी मारून कोण जास्त टिकतंय ते चाललंय जणू. दोघांची कपाळं जवळजवळ टेकली होती. त्याच्या मनगटावरचे ठिणग्यांचे जुने डाग तिला इतक्या जवळून किती वर्षांत दिसले नव्हते. हात मात्र दगडासारखा स्थिर होता. वेल्डर तो, श्वास धरून हात चालवणं त्याला शिकवावं लागलं नाही.

चौथा की पाचवा सांधा झाल्यावर तो पंखावरून नजर न काढता हळूच म्हणाला, "हे का करतेस, ते मी तुला कधी विचारलंच नाही."

"विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं."

"आता येईल?"

तिने पुढचा सांधा त्याच्या समोर फिरवला. त्याने काडी टेकवली, दोघांनी श्वास धरला, सोडला. मग ती बोलली, थांबत थांबत, कारण हे तिने आरशासमोरही म्हटलेलं नव्हतं.

"खिडकीवर दिवसभर माझ्या हातातून जे जातं ना, ते कुणीतरी कुणालातरी पाठवलेलं असतं. मी नुसती मधे. घरीही तसंच. वाईट नाही ते. पण हे कुणी पाठवलेलं नाही आणि कुणाकडे जायचं नाही. हे माझ्यापाशी सुरू होतं आणि माझ्यापाशीच उतरतं."

त्याने पुढच्या थेंबावर काडी टेकवली. बराच वेळ पॉलिश पेपरचा सूक्ष्म आवाज तेवढा येत राहिला. मग तो म्हणाला, "मग मी उगाच मधे आलो."

"आलात खरे," ती म्हणाली. "हा सांधा राहिलाय. इकडे."

एक फासळी तुटली. त्याच्या हातून नाही, तिच्याच. पंख फिरवताना बोट जरा जास्त दाबलं गेलं. दोघांनी ती तशीच राहू दिली. पापुद्रा तिथे किंचित सैलावला, पण फाटला नाही. वेळ बघितली तर साडेनऊ होत आले होते. पत्र्यावरून टक् टक् असे तापायचे आवाज यायला लागले होते. तिने तराजूवर चतुर ठेवला. सतरावा तुकडा काढला, सोळावा काढला. काडी आडवी झाली. पंधरा.

आता फक्त एक थेंब उरला होता, मुख्य काडीच्या टोकाला, हुकाच्या बुडाशी आणि तिथून काडीच्या अंगावर पुढे ओघळलेला. नवऱ्याने घासायची काडी त्याच्याकडे वळवली. तिने त्याचा हात धरला.

तिने मुख्य काडी दोन टोकांना धरून हलकेच वाकवून पाहिली. पुन्हा पाहिली. सहा वर्षं प्रत्येक चतुराची ही काडी एकशे चाळीस फेऱ्यांना वाकत आली होती, आणि म्हणून एकशे चाळीसला थांबायचं असं ठरलेलं होतं. आज ती वाकत नव्हती. डिंक काडीच्या पाठीवर बारीक कण्यासारखा वाळला होता.

"हा राहू दे," ती म्हणाली.

तिने रबर पुन्हा ताणलं. एकशे चाळीस झाले. काकांनी सवयीने टोक सोडायची तयारी केली; तिने मानेनेच नको म्हटलं आणि हँडल फिरवत राहिली. एकशे पन्नास. रबरावर गाठींची दुसरी रांग चढली. एकशे पंचावन्नला हँडल जड झालं. रबर तुटलं तर ते नुसतं तुटत नाही. सोबत काडी, पंख, सगळ्याचा भुगा करून जातं, हे तिने नवव्या चतुराच्या वेळी पाहिलं होतं. काकांनी डोळे किलकिले केले होते. एकशे साठला ती थांबली. रबर चतुराला चढवताना तिला स्वतःच्या नाडीचे ठोके बोटांत कळत होते. तिने ते शांत होईपर्यंत वाट पाहिली. काडी सरळ होती.

फुगा कुणी धरायचा, हा प्रश्न होता. काका म्हणाले, माझी नजर आता इतक्या उंचावर लागत नाही. तिने दोरा नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं, की चतुर तुळईकडे निघाला तरच, आणि पंखाच्या टोकाला, आणि ढकलायचं नाही, नुसतं तिथे असायचं.

"नुसतं तिथे असायचं," तो म्हणाला, पाठ करावं तसं.

तिने घड्याळ सुरू केलं आणि बोटं उघडली.

चतुर निघाला. भिरभिऱ्याची पाती मोजता येत होती. पहिला फेरा तिच्या डोक्यावरून, दुसरा काकांच्या हाताला येणार नाही एवढ्यावरून, आणि मग तो जिना चढावा तसा एकेक फेरा वर जात राहिला. पंखावर सैलावलेल्या जागी पापुद्रा मंद हलत होता. तिसऱ्या मिनिटाला तो बास्केटबॉलच्या कड्याच्या वर होता, पाचव्याला दिव्यांच्या ओळीशी. काका भिंतीला टेकून मान वर करून उभे होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं. नवरा मोज्यांवर, हातातला दोरा छातीशी धरून, चतुराच्या बरोबर खालून गोल गोल चालत होता. इतकं हळू चालताना त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या मिनिटाला चतुर तुळईकडे सरकायला लागला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला दिसलं होतं. त्याने दोरा वीतभर सोडला. पिवळा फुगा वर गेला आणि तुळईच्या अलीकडे येऊन थांबला. चतुर आला, त्याच्या पंखाचं टोक फुग्याला टेकलं, फुगा जेमतेम हलला, आणि चतुर वळून पुन्हा मोकळ्या जागेत निघाला. नवऱ्याने धरलेला श्वास तोंड फिरवून सोडला. अकरा मीटर खालून.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. छताखाली एका उंचीवर तो नुसता फिरत राहिला, ना वर ना खाली. पत्रा टकटकत होता. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. नवरा चालता चालता तिच्यापाशी आला आणि तिच्या कानाशी, जवळजवळ आवाज न करता म्हणाला, "दमत नाही का गं हा?"

तिने मान हलवली. तो तिच्या शेजारीच उभा राहिला. तिने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंही नाही. दोघंही वर बघत होते.

उतरायला लागला तेव्हा तो चढला होता तसाच, एकेक पायरी उतरला. दिव्यांची ओळ, कडं, काकांचं डोकं. शेवटचा फेरा गुडघ्याएवढ्या उंचीवरून. भिरभिरं दोनदा फिरलं, एकदा फिरलं, आणि थांबलं. चतुराने जमिनीला पोट टेकलं आणि एक वीत घसरून तो स्थिर झाला. तिने बटण दाबलं.

काकांनी लांबूनच खुणेने किती ते विचारलं. तिला जवळचा चष्मा सापडेना, म्हणून तिने घड्याळ नवऱ्यापुढे धरलं. त्याने कपाळावरचा आपला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाचलं.

"नऊ मिनिटं, सदतीस सेकंद."